‘जायचो’पासून ‘गेलो’पर्यंत : बंद झालेल्या उद्यानाच्या आठवणी लिहून ठेवण्याची एक रीत

पुण्यातले पेशवे पार्क प्राणिसंग्रहालय म्हणून २००५ मध्ये बंद झाले, तेव्हा मी फोंड्याला होतो आणि ती बातमी मला पुष्कळ उशिरा, तीही बोलण्याच्या ओघात कळली. आमचे आजोळ पुण्याचे. गोव्यात अशी घरे कमी नाहीत, ज्यांचा एखादा मामा किंवा काका नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथलाच झाला, आणि मग दर मे महिन्यात फोंड्या-मडगावची, म्हापशा-डिचोलीची मुले रात्रीच्या बसने निघून पहाटे स्वारगेटला उतरू लागली. स्वारगेटपासून जवळच सारसबाग आणि सारसबागेला लागून पेशवे पार्क. त्यामुळे आमच्या पिढीतल्या कित्येक गोमंतकीय मुलांनी आयुष्यातला पहिला पट्टेरी वाघ पाहिला तो गोव्याच्या रानात नव्हे, तर पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या त्या सात एकरांत.

मामा-मामी आता थकले आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचे ते आत्ताच ऐकून घेतले पाहिजे, हे जाणवल्यावर मी आणि माझी म्हापशाची मावसबहीण मिळून पेशवे पार्कच्या घरगुती आठवणींची एक छोटी पुस्तिका केली. ती करताना आम्ही आधी बरेच दिवस चुकीच्या वाटेने गेलो. शेवटी जी रीत उपयोगी पडली ती येथे सविस्तर मांडतो आहे. उदाहरण पेशवे पार्कचे असले, तरी बंद पडलेली कोणतीही बाग, मोडीत निघालेले पाळणे किंवा गावातले कुलूप लागलेले चित्रगृह यांच्या आठवणी लिहू इच्छिणाऱ्याला ती वापरता येईल.

पहिले वाक्य खोडून टाका

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : ‘मे महिन्यात आम्ही पुण्याला जायचो, मामा आम्हांला पेशवे पार्कात न्यायचे, आम्ही फुलराणीत बसायचो, भेळ खायचो आणि खूप मजा यायची.’ (फुलराणी म्हणजे पार्कातली मुलांची छोटी आगगाडी.) या वाक्यात खोटे काही नाही, पण त्यात एकही दिवस नाही. मराठीतला रीती भूतकाळ अतिशय सोयीचा आहे. ‘जायचो, बसायचो, खायचो’ म्हटले की पाच-सात सुट्ट्यांची मिळून एकच गुळगुळीत सुट्टी तयार होते आणि प्रत्येक सुट्टीतले खाचखळगे तिच्याखाली बुजून जातात. ऐकणारा मान डोलावतो, कारण त्याच्याही आठवणी अशाच ‘जायचो’मध्ये साठवलेल्या असतात. मात्र त्याला नवे काही कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही काही सापडत नाही.

म्हणून पहिले काम हे करावे. मनात येईल तसे एक पान लिहून काढावे आणि मग त्यातल्या ‘-यचो, -यची, -यचे’ अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. प्रत्येक रेघेपाशी थांबून स्वतःला विचारावे : असे एकदा झाले ते कधी? त्या वेळी बरोबर कोण होते? आधी काय झाले होते आणि नंतर काय झाले? उत्तर आले तर तेथे ‘गेलो, बसलो, खाल्ले’ असे साधे भूतकाळी रूप लिहावे. उत्तर आले नाही तर ‘जायचो’ तसेच ठेवावे, कारण काही गोष्टी खरोखरच सवयीच्या असतात आणि त्यांना ओढून-ताणून एका दिवसाला बांधणे हा खोटेपणा होईल. माझ्या पहिल्या पानावर अशी सतरा क्रियापदे होती आणि त्यांतली फक्त तीन मला एका दिवसावर नेऊन ठेवता आली. त्यांतले एक होते ‘मामांनी मला खांद्यावर घेतले आणि मी वाघ पाहिला.’ पुढचे सगळे काम या एका वाक्याच्या आधाराने झाले.

भावना नंतर, वाट आधी

आठवण काढायला बसलो की आपण ‘तेव्हा कसे वाटले’ तेथून सुरुवात करतो. माझ्या अनुभवाप्रमाणे ते उलटे करावे. शरीराला वाट आठवते, आणि वाट आठवली की तिच्या कडेने बाकीचे उभे राहते. एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल घ्यावी आणि घराच्या दारापासून त्या जागेपर्यंतचा, मग फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा नकाशा काढावा. हे करताना मोबाइलवरचा नकाशा मुळीच उघडू नये. आज त्या जागेचे रूप वेगळे आहे आणि ते एकदा डोळ्यांसमोर आले की जुने रूप त्याखाली दबते. प्रमाण, दिशा, अंतरे यांची चिंता करू नये. फाटकातून शिरल्यावर कोणत्या हाताला काय होते, पायाखाली माती होती की फरशी, ऊन कुठे लागत होते, वास कुठून सुरू झाला, पाण्याचा नळ कुठे होता, डबा कुठे उघडला, पायात काय होते, कोणी कोणाचा हात धरला होता, असे प्रश्न नकाशाच्या कडेला आधीच लिहून ठेवावेत आणि जेवढे येईल तेवढेच भरावे. जेथे काही आठवत नाही तेथे कागद कोरा सोडावा. कोऱ्या जागेत अंदाजाने पिंजरा काढला, की महिन्याभराने तो अंदाज आठवणीच्या रूपात परत येतो आणि मग तो वेगळा करता येत नाही.

घरातल्या प्रत्येकाने आपला नकाशा स्वतंत्रपणे काढावा आणि सगळ्यांचे पूर्ण होईपर्यंत कोणी कोणाला दाखवू नये. आमच्यात वाघाचा पिंजरा माझ्या नकाशात डाव्या हाताला होता आणि मावसबहिणीच्या नकाशात उजव्या. आम्ही दोघे आपापल्या बाजूने अगदी ठाम होतो. मग तिला नकाशाच्या सुरुवातीपासून बोट फिरवायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की मी जाताना पाहिलेला पिंजरा काढला होता आणि तिने परतताना. जाताना ती वाघाकडे बघायला तयारच नव्हती. आईच्या पदरात तोंड घालून ती पुढे गेली होती आणि फुलराणीतून उतरल्यावर धीर आल्यामुळे परत येताना तिने तो पाहिला. ‘म्हाका भंय दिसतालें,’ असे ती चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच म्हणाली. डावे-उजवे जुळत नाही म्हणून आम्ही एक नकाशा खोडला असता, तर हे कधीच कळले नसते. म्हणून दोन नकाशे जुळले नाहीत तर आनंद मानावा आणि दोन्ही जपून ठेवावेत.

मामीचा नकाशा तर सगळ्यांत वेगळा होता. तो सुरू झाला स्वयंपाकघराच्या ओट्यापासून, कारण तिच्या दृष्टीने ती सहल तेथेच, दशम्या आणि चटणी बांधताना सुरू झाली होती. तिने एक झाड काढले, झाडाखाली बाक काढला, बाकावर तीन पिशव्या काढल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. तिच्या नकाशात वाघ नाही, हत्ती नाही, आगगाडीही नाही. आम्ही आठ जण आत हिंडत होतो तेव्हा ती सगळा वेळ पिशव्या सांभाळत त्या बाकावर बसून होती. पुस्तिकेत मी तो नकाशा जसाच्या तसा, पूर्ण पानावर छापला आहे.

माणसांना कसे विचारावे

वडीलधाऱ्यांना ‘तेव्हा मजा येत होती का?’ असे विचारले की ‘हो, खूप’ असे उत्तर येते आणि बोलणे तेथेच संपते. त्याऐवजी हातांबद्दल आणि पैशांबद्दल विचारावे. तिकिटे कोणी काढली, सुटे पैसे कशात ठेवले होते, लहान मुलाला कोणी उचलले, पाणी घरून नेले होते की तेथे प्यायलात, परतताना रिक्षा केली की चालत आलात, अशा प्रश्नांना माणूस क्षणभर थांबतो, छताकडे बघतो आणि मग खरे सांगू लागतो. तो थांबलेला असताना आपण मध्ये बोलू नये. मला ही शिस्त जमायला वेळ लागला. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत मामा आठवत असताना मीच पुढचा प्रश्न विचारलेला ऐकू येतो आणि तेथे जे हरवले ते हरवलेच.

आधी एकेकट्याशी बोलावे आणि मग सर्वांना एकत्र बसवावे. एकत्र बसल्यावर मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होऊन जाते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. एका बैठकीला चाळीस मिनिटे पुष्कळ झाली. मोबाइलवर मुद्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी, मोबाइल विमान-मोडवर टाकावा आणि टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा, म्हणजे टेबलाचे ठोके त्यात येत नाहीत. छताचा पंखा बंद करावा. आपल्याकडे मे महिन्यात हे शक्य नसते, तेव्हा सकाळी लवकर बसावे. चहा बोलणे झाल्यावर आणावा, कारण कपबशीचा आवाज नेमका महत्त्वाच्या शब्दावर येतो. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव आपल्या आवाजात सांगावे. पाच वर्षांनी फाइलीचे नाव बदललेले असले तरी आवाजातली तारीख टिकते.

गोव्यातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळ जण लिहितात मराठीत आणि घरात बोलतात कोकणीत. माणूस ज्या भाषेत आठवतो आहे त्याच भाषेत त्याला बोलू द्यावे. ‘मराठीत सांग, लिहायचे आहे’ असे म्हटले की तो शाळेतला निबंध सांगू लागतो. उतरवून घेतानाही कोकणी वाक्य कोकणीतच ठेवावे आणि निवेदन मराठीत करावे. आपला वाचक दोन्ही भाषांत राहणारा आहे, त्याला अडचण येत नाही.

बोलणे अडले तर माणसाला तशाच एखाद्या जागी घेऊन जावे. आम्ही मावसबहिणीबरोबर बोंडल्याला गेलो. उसगावच्या पुढे रानात असलेले ते छोटे प्राणिसंग्रहालय आपल्याला शाळेच्या सहलींमुळे ओळखीचे आहे. ते गुरुवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. तेथे पिंजऱ्यांच्या बाजूने वाऱ्याची झुळूक आली आणि ती उग्र, ओलसर, गवत व मूत्र यांची मिसळलेली हवा नाकात शिरताच मावसबहीण उभी राहिली आणि पुण्यात फुलराणीच्या डब्याच्या लोखंडी दांड्याला धरून बसल्यावर तळहाताला आलेला गंजाचा वास तिने सांगायला सुरुवात केली. दोन वासांचा परस्परांशी काय संबंध, हे मला सांगता येणार नाही. मी फक्त मोबाइल सुरू केला.

साल कसे ठरवावे

आमच्या घरी ‘त्या’ फेरीचे साल कोणालाच सांगता येत नव्हते. अशा वेळी ‘कोणत्या साली?’ असे विचारणे व्यर्थ असते. ‘कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर?’ असे विचारावे. गोव्यातल्या आणि पुण्यातल्या माणसांच्या स्मरणात काही खुंट्या पक्क्या असतात. पुण्याच्या वृद्ध मंडळींना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर विसरता येत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना त्याच वर्षीची १९ डिसेंबरची गोवामुक्ती आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, आणीबाणी १९७५ च्या जूनपासूनची, आणि घरी किंवा शेजारी रंगीत टीव्ही आला तो बहुधा १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास किंवा त्यानंतर. अशा दोन खुंट्यांच्या मध्ये आठवण अडकवता आली की निम्मे काम झाले.

आमचे उदाहरण सांगतो. मावसबहिणीला एवढेच आठवत होते की त्या वर्षी ती आणि मावशी म्हापशाहून पणजीला आल्या त्या फेरीबोटीने, आणि फेरीवर गर्दीत मावशीच्या हातातली बॅग कोणाच्या तरी गुडघ्याला लागली. मांडवीवरचा नेहरू पूल पडला ५ जुलै १९८६ रोजी. त्याआधी फेरीने यायचे कारण नव्हते, म्हणजे ही सुट्टी १९८७ ची किंवा नंतरची. दुसरा धागा मामीकडे निघाला. पार्कात गेलो त्याच दिवशी सकाळी मामांनी वर्तमानपत्र माझ्या आईपुढे धरले आणि ते म्हणाले, ‘घ्या, तुमचा गोवा आता राज्य झाला!’ गोवा घटकराज्य झाले ३० मे १९८७ रोजी. तो शनिवार होता. बातमीचे वर्तमानपत्र हातात आले असणार दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे रविवारी, आणि मामांना सुट्टी असे तीही रविवारीच. अशा रीतीने ज्या दिवसाचे साल कोणाला सांगता येत नव्हते, तो दिवस ३१ मे १९८७ हा ठरला. मी दुसरी पास झालो होतो. चार दिवसांत शाळा उघडायची होती.

प्रत्येक आठवण अशी तारखेपर्यंत पोहोचत नाही. पोहोचली नाही तर ‘१९८६ नंतर’ एवढेच लिहावे. अर्धवट पण खरी नोंद ही पूर्ण पण अंदाजी नोंदीपेक्षा पुढच्या माणसाला अधिक कामाची असते.

फोटो : आपल्या हवेत घ्यायची काळजी

गोव्याच्या पावसाळ्यात आणि दमट हवेत फोटोंना बुरशी धरते आणि कागदाला कसर लागते, म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करावे. १९८० च्या दशकातले आपले बहुतेक रंगीत फोटो चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या अल्बममध्ये आहेत. त्या पानांचा डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. असा फोटो नखाने किंवा सुरीने कधीही ओढू नये. मी एक ओढला आणि मामांच्या चेहऱ्याचा वरचा थर पानालाच चिकटून राहिला. त्याची हळहळ आजही आहे. योग्य रीत अशी : दात साफ करण्याचा, मेण न लावलेला दोरा औषधाच्या दुकानात मिळतो, तो हातभर घेऊन दोन्ही टोके बोटांना गुंडाळावीत आणि फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे न्यावा. फोटो वाकवू नये. वाटेत अडकला तर थांबावे आणि समोरच्या कोपऱ्याकडून सुरुवात करावी. त्यानेही निघत नसेल तर पानासकटच त्याची प्रत करावी.

स्कॅनर मिळत असेल तर लहान फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करावेत. मिळत नसेल तर मोबाइल पुरतो. फोटो खिडकीपाशी, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात, सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल फोटोला समांतर धरावा. फोटोची मागची बाजूही टिपावी. शाईतली अर्धी ओळ, स्टुडिओचा शिक्का किंवा कागदाच्या कंपनीचे फिके छापील नाव यांवरून पुष्कळ काही ठरते. मूळ फोटोवर बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढून उमटतो. मऊ पेन्सिल वापरावी आणि कडेलाच लिहावे. मूळ फोटो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावेत आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. स्कॅनच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असावी.

आणि फोटो नुसते पाहू नयेत, वाचावेत. आमच्याकडे त्या दिवसाचा एकच फोटो आहे. मी आणि मावसबहीण फुलराणीच्या डब्यापुढे उभे, उजव्या कडेला कोणा अनोळखी माणसाचे अर्धे कोपर. कित्येक वर्षे मी त्यात स्वतःचा चेहरा तेवढा पाहत आलो. भिंगाने पाहिल्यावर दिसले की मावसबहिणीची मूठ घट्ट मिटलेली आहे आणि मुठीतून तिकिटाचा कोपरा बाहेर आला आहे. माझे पाय फोटोत आलेलेच नाहीत, गुडघ्यांवर चौकट संपते.

पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले

या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मी वहीत तीन रंगांच्या शाया वापरल्या : स्वतः पाहिले ते निळ्या शाईत, घरच्यांनी सांगितले ते काळ्या आणि नंतर वाचून कळले ते लाल. उदाहरणार्थ, फुलराणीत बसलो हे निळे. सारसबागेतल्या गणपतीभोवती पूर्वी सगळे पाणी होते, म्हणून त्याला तळ्यातला गणपती म्हणतात, हे मामीच्या सासूने सांगितले, म्हणून काळे. ते देऊळ सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये बांधले, हे लाल. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता, पुणे महापालिकेने पेशवे पार्क १९५३ मध्ये उभारले आणि फुलराणी १९५६ मध्ये धावू लागली, हेही लाल. लाल मजकूर आवश्यक आहे, पण तो निळ्याला गिळू लागला की आठवणींचे पुस्तक जाऊन माहितीपत्रक होते. माझ्या मते लाल शाई दर पानावर चार-पाच ओळींपेक्षा अधिक नसावी.

ही लाल माहिती शोधायला पुण्यालाच जावे लागते असे नाही. पणजीला पाट्टो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहता येतात. १८३२ साली स्थापन झालेली ती संस्था आहे आणि शोधणाऱ्याला तेथे शांतपणे बसता येते. तारीख आधी ठरवून जावे. नुसते ‘पेशवे पार्कबद्दल काही आहे का’ म्हणून गेले तर दिवस वाया जातो.

प्राण्यांच्या नावांबाबत सावध राहावे. मामा ठामपणे सांगत होते की त्यांनी तेथे ‘चित्ता’ पाहिला. आपल्या बोलण्यात बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात आणि गोव्यात बिबट्यालाही नुसते वाग म्हणतात. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले होते. म्हणून अंगावरच्या ठिपक्यांबद्दल विचारावे. भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ असेल तर चित्ता, पाकळ्या मिळून केल्यासारखे पोकळ ठिपके असतील तर बिबट्या. मामांना पोकळ ठिपके आठवले. तरीही त्यांच्या तोंडी मी ‘चित्ता’ हाच शब्द ठेवला आणि लाल शाईत खाली बिबट्या लिहिले, कारण त्यांनी मुलांना दाखवला होता तो चित्ताच होता.

पिंजरे लपवू नका

हा भाग सर्वांत अवघड आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्या जागेवर आपण प्रेम केले तेथे प्राणी अरुंद पिंजऱ्यांत होते. वाघ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात होता, वळत होता आणि परत येत होता. सात वर्षांच्या मला वाटले की तो आमच्यासाठी फेऱ्या मारतो आहे. आज कळते की अपुऱ्या जागेत कोंडलेला प्राणी असा एकसारखा येरझारा घालत राहतो. ही दोन्ही वाक्ये पुस्तिकेत हवीत, आणि ती याच क्रमाने हवीत. आजचे ज्ञान मागे नेऊन त्या मुलाच्या डोक्यात घालू नये, तसेच त्या मुलाच्या आनंदाला धक्का लागेल म्हणून आजचे ज्ञान गाळूही नये.

उद्यान का बंद झाले हेही येथेच सांगावे, नाहीतर लेखनाला ‘आमचे कोणीतरी हिरावून नेले’ असा तक्रारीचा सूर लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखाली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले आणि प्राण्यांना किती व कशी जागा द्यावी याचे नियम सर्व संग्रहालयांना लागू झाले. शहराच्या मध्यावर सात एकरांत सापडलेल्या पेशवे पार्कला वाढायला वाव नव्हता. कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान होते. तेथेच तळ्यासह सुमारे १३० एकरांत राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले, आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कमधले प्राणी तिकडे गेले. सात आणि एकशेतीस हे दोन आकडे एकाच ओळीत लिहिले, की वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मला स्वतःला ते आकडे लिहिल्यावर बरे वाटले. माझे उद्यान गेले याचे वाईट वाटणे कमी झाले नाही, पण वाघाला कुठे जागा मिळाली ते कळले.

मामांना मी हे वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याचे अंग गजांना घासून एका बाजूला केस गेले होते. मी तुम्हांला दुसऱ्या बाजूने दाखवला.’ हे वाक्य मी काळ्या शाईत लिहिले आणि त्याच्या खाली काही जोडले नाही.

मांडणी आणि समास

लिहिताना एका दिवसाला धरून राहावे. आम्ही ३१ मे १९८७ हा एकच दिवस सकाळच्या वर्तमानपत्रापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत लिहिला आणि बाकीच्या सुट्ट्यांमधले जे जे आठवले ते त्या त्या जागी दोन-चार ओळींत सांगून पुन्हा त्या दिवसावर आलो. विशेषणे वेचून काढावीत. ‘रम्य, अविस्मरणीय, सोनेरी’ हे शब्द गेल्याने काहीच बिघडत नाही, पण मुठीतले तिकीट गेले तर बिघडते. पुस्तिका चाळीस पानांपेक्षा मोठी करू नये. दहा-बारा प्रती घरच्या प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात काढून मध्ये दोऱ्याने शिवल्या तरी पुरे.

एक मात्र करावे. प्रत्येक पानाला एका बाजूने चार बोटे रुंद समास सोडावा, प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल द्यावी आणि सांगावे की चुकले असेल तेथे लिहा आणि महिन्याने प्रत परत करा. तोंडी सांगायला जे लोक संकोचतात ते समासात लिहितात. आमच्या दहा प्रतींपैकी सात परत आल्या. मावसबहिणीने फेरीबोटीच्या पानावर बॅगेचा रंग लिहिला. मामांनी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

मामीची प्रत सगळ्यांत शेवटी आली. ती जवळजवळ कोरीच होती, फक्त माझ्या नकाशाच्या पानावर, जेथे मी ‘पायात काय होते?’ या प्रश्नापुढे ‘चप्पल’ असे लिहिले होते आणि खाली ‘वाघ नीट दिसावा म्हणून मामांनी मला खांद्यावर घेतले’ असे लिहिले होते, तेथे समासात तिच्या बारीक, तिरप्या अक्षरात दोन ओळी होत्या : ‘चपलेचा अंगठा फाटकापाशीच तुटला होता. जमीन तापलेली, म्हणून घेतले. ती चप्पल दिवसभर माझ्या पिशवीत होती.’